अकोल्याचा फोन येईनासा झाला

माझ्या अकोल्याच्या मैत्रिणीचा फोन रोज सकाळी यायचा. मी अमरावतीला, रुक्मिणीनगरातल्या घरी पोळ्या करत असायचे. फोन ओट्यावर, स्पीकर चालू.

"अवं, एका मिलचा उतारा शंभर टक्क्याच्या वर जाऊन राह्यला. काहून?"

"चुनी दोनदा धरली जात असेल. राहू दे, मी बघते."

हे 'मी बघते' म्हणताना मला फार बरं वाटायचं.

आम्ही दोघी अमरावतीला एकाच कॉलेजात शिकलो. ती लग्न करून अकोल्याला गेली, मी इथेच राहिले. पुढे दोघींनी मिळून डाळ मिलसाठी एक सॉफ्टवेअर केलं. तुरीची गाडी आली की वजन, ओलाव्याची कपात, डाळ किती उतरली, चुनी म्हणजे डाळीचा चुरा किती, भुसा किती, असा सगळा हिशेब त्यात. कोड मी लिहायचा. मिलवाल्यांकडे जायचं, त्यांच्या माणसांना शिकवायचं आणि तक्रारी ऐकायच्या तिने. ही वाटणी कोणी ठरवली ते आता आठवत नाही. बहुधा मीच.

एकदा ती म्हणाली, "आपला कोड त्या एआय चॅटले जोडून देतं का? मले बारीकसारीक गोष्टी त्यालेच विचारता येतील. तुले त्रास नाई."

आमचा सगळा कोड इंटरनेटवरच्या एका रिपॉझिटरीत असतो आणि ती माझ्या खात्यावर आहे, म्हणून परवानगी माझीच लागत होती. या असिस्टंटला कोणती रिपॉझिटरी दाखवायची, असं पडद्यावर विचारलं गेलं. मी आमची निवडली, फक्त वाचण्याची परवानगी ठेवली आणि बटण दाबलं. मनात म्हटलं, वाचू दे. माझा कोड माझ्याशिवाय आजवर कोणाला कळलाय?

पुढच्या आठवड्यापासून सकाळचा फोन कमी झाला. मग येईनासाच झाला.

"आज अकोला शांत दिसते," माझे यजमान डबा भरता भरता म्हणाले. मी ओट्यावरच्या फोनकडे बघत राहिले. पोळी करपली.

शेवटी मीच फोन केला. त्या उताऱ्याच्या भानगडीचं काय झालं, असं विचारलं.

"झालं ना ते! त्यानं लगेच सांगतलं."

ती त्याला 'तो' म्हणायला लागली होती. जे मी इतकी वर्षं सांगत आले, ते आता 'त्यानं' सांगतलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच डबे इकडचे तिकडे करत राहिले. माणूस असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

दोन-चार दिवसांनी मी काहीतरी निमित्त काढून अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत ठरवत होते की तिच्यादेखत त्याला असं काही विचारायचं की त्याची बोबडी वळली पाहिजे.

जठारपेठेतल्या तिच्या ऑफिसात पोचले तेव्हा ती एका मिलवाल्या शेठशी फोनवर बोलत होती. मला हाताने बस म्हणाली. शेठचं म्हणणं होतं की साठा जुळत नाही. तिने इंग्रजी अक्षरांत आपली वऱ्हाडीच टाइप केली, उत्तर वाचलं आणि त्याला समजावून सांगितलं. कालची परत गेलेली गाडी आवकेत धरली गेली होती.

"मानलं, ताई," शेठ म्हणाला. "पयले तुमी म्हणत, अमरावतीले विचारून सांगतो. आता तुमीच सांगता!"

ती हसली. ती अमरावती म्हणजे मी, आणि मी तिच्यासमोरच बसले होते.

ती खालून कच्चा चिवडा आणायला निघाली. "तूच विचारून पाय ना त्याले काई," म्हणाली. मी खुर्ची ओढली आणि कोडमधला सगळ्यात किचकट भाग काढला. ओल्या तुरीची कपात मिलगणिक वेगळी कशी लागते, ते विचारलं. त्याने कोणत्या फाइलीत काय चाललंय ते सरळ सांगितलं. वर, एक अट दोन ठिकाणी लिहिली आहे, एका ठिकाणची काढता येईल, असंही सुचवलं. ते बरोबर होतं. मला राग आला तो बरोबर असण्याचाच.

मग आधीचं काय बोलणं झालंय ते बघायला मी पडदा वर सरकवला. सगळे तिचे प्रश्न. 'हे फंक्शन कायले लागते? शाळेतल्या पोरीले सांगतल्यासारखं सांग.' खाली: 'नाई समजलं. परत सांग.' त्याच्या खाली: 'अजून एक डाव.' असे कितीतरी. ती माझा कोड शिकत होती.

ती चिवड्याच्या पुड्या घेऊन आली, तेव्हा मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे मला का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं. तू म्हणे, राहू दे, मी बघते." तिने पुडी माझ्यासमोर ठेवली. "अन् याले तिसऱ्यांदा विचारलं तरी याचा आवाज चढत नाई. तुहा चढते."

मी चिवड्यातला कांदा निवडत राहिले.

"आता पायलंच आहे तं हेबी पाय," ती म्हणाली आणि तिने एक बदल उघडला. तिने स्वतः केलेला. वजनकाट्यावरच्या पावतीत नुसतं निव्वळ वजन येतं, म्हणून शेतकरी आणि मिलवाले यांच्यात वाद होतात. तिने ओलाव्याची कपात वेगळ्या ओळीत दाखवली होती. "तू हसशील म्हणून पाठवला नाई."

मी एकेक ओळ वाचली. खरं सांगायचं तर चूक शोधत होते. "ओलावा मोजलाच नसेल तर?" मी विचारलं.

"मंग ती ओळच नाई येत. खाली पाय."

खाली होतं.

"हे त्याने लिहून दिलं?"

"थोडंफार. ज्याच्यात तुले चूक सापडून नाई राह्यली, ते माहं हाय."

एवढा वेळ मी मशीनवर जळत होते. आता समोर ती होती, तोंडात चिवडा, माझ्याकडे न बघता बघणारी. वजनकाट्यापाशी उभं राहून वाद तिने ऐकले होते. मी कधी गेलेच नव्हते. 'छान केलंस' एवढे दोन शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी लॅपटॉप पुढे ओढला, माझ्या खात्यातून तिचा बदल मंजूर केला आणि म्हटलं, "पाठव मिलवाल्यांना."

"आज?"

"आजच."

ती पुडी तशीच टाकून फोन लावायला उठली.

आता कोड दोघी लिहितो. महिन्यातून एखाद्या वेळी मीही तिच्यासोबत मिलवर जाते आणि पावती घेऊन उभ्या असलेल्या माणसांचं ऐकते. माझे बदल ती तपासते. परवा तिने माझ्या कामावर शेरा मारला, 'या नावावरून काई समजून नाई राह्यलं, बदल.' मी तासभर धुसफुसले, मग नाव बदललं. तिचा फोन हल्ली येतो तो संध्याकाळी, आणि कामाचा नसतो. पण बोलता बोलता ती मध्येच टाइप करायला लागली, की माझं अर्धं लक्ष त्या कीबोर्डच्या आवाजाकडे जातंच.