रोड्सच्या तटाआड अंबाबाईचं कुंकू

भूमध्य समुद्रातल्या रोड्स बेटावर, जुन्या तटबंदीच्या गावात, मी अंबाबाईशी कडाकडा भांडले. सन दोन हजार उलटून गेल्यानंतरची गोष्ट. बायकांच्या हक्कांच्या परिषदेला गेले होते. भावानं आईलाही बरोबर धाडलं. तिला कशाचंच कौतुक नाही. "असला तट पन्हाळ्याला न्हाय व्हय? ह्यासाठी इमानात बसवलंस?" माझं डोकं फिरलेलं. नकाशा उलगडून वाट शोधत होते. मान वर केली तर आई गायब!

शेकडो वर्षं जसंच्या तसं जपलेलं गाव म्हणे. जपलंय खरं, पण सगळे दगडी बोळ सारखेच, माणूस सापडेल कसा? आईनं सकाळी साखरेच्या आजाराची गोळी घेतलेली, पोटात काही नाही, दशम्या माझ्या पिशवीत. मागं अशीच उपाशीपोटी ती चक्कर येऊन पडली होती. उन्हात बोळामागून बोळ पालथे घातले. पोलिसानं ऐकून नुसते खांदे उडवले. शेवटी एका पायरीवर बसले आणि मोर्च्यात साहेबाला झापावं तसं देवीला झापलं, "जन्म तुझ्या दारात गेला तिचा. आता तूच बघ. माझ्यानं होत न्हाय."

तेवढ्यात समोरून काळ्या कपड्यांतली एक म्हातारी आली. तिथं विधवा जन्मभर काळं नेसतात, हे परिषदेत कळलेलं. आणि हिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू! माझा पंजाबी ड्रेस बघून तिनं मनगट धरलं आणि ओढतच घरी नेलं. अंगणात आई खुर्चीत बसून चमच्यानं मुरांबा खात होती. तिच्याही कपाळावर कुंकू. बाबा गेल्यापासून तिनं ते लावलं नव्हतं. विधवांनी कुंकू लावावं म्हणून मी पत्रकं काढली, सभा गाजवल्या; घरात उपयोग शून्य.

"घेरी आली, हिच्या दारात बसले. हिनं आत घेतलं, तोंड गोड केलं. माझ्याकडं अंबाबाईच्या कुंकवाची पुडी तेवढी. हिला लावलं, तर हिनं मलाबी लावलं. हात कसा धरायचा बाईचा?"

"आई, ती विधवा हाय."

आईनं म्हातारीचे काळे कपडे आता नीट बघितले. मग म्हणाली, "मग अंबाबाईनंच लावून घेतलं म्हणायचं. डबा काढ की, हिलाबी दशमी दे."

कुणी म्हणेल, त्या गावात दोन परक्या बायकांची गाठ घालायला देवी कशाला हवी? म्हणा बापडे. मी अजूनही अंबाबाईशी भांडते. पण भांडून झालं की पुढचं तिच्यावर सोडून गप्प बसते. त्या दिवशी तिनं माझी आई मला परत दिली.