टीव्ही भरून मिळाला

विम्याचं नाव काढलं का माह्यं टाळकं सटकते. अकोल्यात आमिनाबीचं घर अन् माह्यं घर, मधात एकच भिंत. माह्यं भाजीचं दुकान, अन् ती घरी ब्लाउज शिवे.

त्या साली कापूस पिकलाच नाही. कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली अन् तिथं कामाले जाणारा तिचा पोरगा फुरकान घरी बसला. जवान गडी, दिवसभर धुसफुस. मामानं सौदीहून आणलेला एक खेळ होता त्याच्यापाशी. टीव्हीसमोर उभं राहाचं, हातात रिमोट धराचा अन् हवेत बुक्क्या माराच्या, का टीव्हीतला पहिलवान मार खाये. सारा राग तो त्याच्यावर काढे.

एका दुपारी मी कोथिंबीर द्याले गेली होती, सैपाकघराच्या दारात उभी होती. आमिनाबी चहा घेऊन त्याच्या मागून निघाली, तेवढ्यात यानं बुक्की माराले हात मागं खेचला. कोपर बसलं सिद्धं तिच्या डोळ्यात! लगेच हात पुढं गेला, रिमोट सुटला अन् टीव्ही फुटला. पोट्टं टीव्हीकडंच धावलं. खेळाच्या नादात कोपर कोणाले लागलं हे त्याले समजलंच नाही; वाटलं, माय आवाजानं दचकली अन् कप पडला. आमिनाबी ओढणी डोळ्याले लावून सैपाकघरात आली अन् माह्या तोंडावर हात ठेवला.

"तुले माह्या पोराची आन हाये, मनकर्णा. त्याले कधी कळू देऊ नोको."

तिच्या नवऱ्यानं, दाऊदभाईनं, मराच्या आधी घराचा विमा काढून ठेवला होता. कंपनीचा माणूस आला. भला होता बिचारा. फुटका टीव्ही पाह्यला, मंग म्हणे, "कोणाला लागलं-बिगलं का? या पॉलिसीत घरच्या माणसांचा इलाजही बसतो. मोकळं सांगा."

फुरकान बाजूलेच उभा. आमिनाबी ओढणी सावरत म्हणे, "नाही भाऊ, कोणालेच नाही लागलं."

टीव्ही भरून मिळाला. डोळा गेला. मी किती भांडली तिच्याशी! "अवं, अमरावतीले दाखव तरी. काहून स्वतःच्या जीवावर उठली?" तर म्हणे, "डॉक्टर पुसन कसं लागलं. मंग काय सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ." पोराले सांगितलं, मोतीबिंदू बिघडला. अशी जिद्दी बाई! मले तिचा राग येये अन् रडूही येये.

तवापासून फुरकान खेळत असला का ती दारातूनच आवाज दे, "बेटा, मी मागं हाओ." सारे हासत. पुढं फुरकानचं लगन झालं, जेबा झाली. नातीलेही तिनं तेच शिकवलं, हात उचलाच्या आधी मागं पाहाचं, नाही तं कोणाच्या डोळ्याले लागन.

औंदा आमिनाबी गेली. परवा मी फुरकानकडं बसली होती, अन् जेबा तोच खेळ खेळून राहिली होती. दर बुक्कीच्या आधी पोरगी थांबे, मागं पाहे अन् म्हणे, "दादी, बाजूले सर." मागं कोणीच नव्हतं.

फुरकानचा चेहरा उतरला. हळूच म्हणे, "मावशी, अम्मीचा डोळा मोतीबिंदूनंच गेला नं?"

"हो बाप्पा," मी म्हणलं, "मोतीबिंदूनंच."

तेवढ्यात जेबाचं कोपर जोरात मागं गेलं. मागं नुसती हवा. पोरगी गर्रकन वळली अन् त्या रिकाम्या जागेले पुसते, "दादी, डोळ्याले लागलं का?"

फुरकाननं माह्याकडं पाह्यलं. मले मान वर करताच आली नाही.