चाकाखालचं लिंबू
परवा चेन्नईत, आमच्या वेलचेरी भागात, शेजाऱ्यांच्या नव्या गाडीखाली पूजेचं लिंबू चिरडलं आणि त्या वासासरशी माझं पहिलं एकटीचं उड्डाण आठवलं. तेव्हाही फ्लाइंग क्लबच्या मेकॅनिकने विमानाच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. निघाले तेव्हा ऊन होतं. वर पोचले तोच समुद्राकडून काळे ढग आले आणि पावसाने समोरची काच पांढरी झाली. अड्यार नदी ओलांडून धावपट्टीवर उतरणार, तेवढ्यात वाऱ्याने विमान बाजूला ढकललं. खाली सगळे बघत होते, तरी मी उतरणं सोडून पुन्हा वर गेले. दुसऱ्या फेरीत चाकं अलगद टेकली. सगळ्या मुलींना मायेने 'मा' म्हणणारे माझे तमिळ प्रशिक्षक भिजतच आले. "आधी का नाही उतरलीस, मा?" "जमत नव्हतं, सर." "ते कळलं ना? मग झालीस पायलट." पुढे कितीतरी वेळा उतरले, अभिमान मात्र अजून त्या न उतरण्याचाच वाटतो.