बंद करायची चिठ्ठी

गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं की चाची त्यावर आपला पंजा ठेवायच्या. उचलायच्या मात्र नाहीत.

"कशासाठी?"

मी सांगायचो.

"कधीपर्यंत?"

तेही सांगायचो. ते पेनाने पाकिटावर लिहून दिल्याशिवाय पंजा हलायचा नाही. मागे रांगेतल्या कुणी घसा खाकरला, तर वळून म्हणायच्या, "घाई असेल तर पुढच्या दुकानात जा. तिथं कोण विचारत नाय."

औषधाच्या दुकानात असं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल आणि मनातल्या मनात वैतागलाही असाल. मलाही वैतागायचा हक्क असता, तर बरं झालं असतं. पण चाची अशा झाल्या त्यात माझा वाटा होता.

माझं दुकान रत्नागिरीत, राजिवड्याच्या उतारावर. चाची मागच्या गल्लीत राहायच्या आणि शिंप्यांना हाताने काजं करून द्यायच्या. मशीनची काजं आली तरी शेरवानीची आणि कोटाची काजं त्यांच्याकडेच यायची. एकदा माझ्या शर्टाचं बटण लोंबताना त्यांना दिसलं. ओढणीला टोचलेली सुई काढून त्यांनी काउंटरच्या पलीकडून, मी गिऱ्हाइकाला औषध देत असतानाच ते शिवून टाकलं. सुई मला एकदाही टोचली नाही.

त्यांचा नवरा बोटीवर होता. तो वारला त्या पावसाळ्यात चाचींना चक्कर यायला लागली. उठून बसलं की घर फिरायचं, पोटात काही ठरायचं नाही. गावातल्या एका डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक चक्कर आणि उलटीसाठी, पाच दिवस. दुसरी झोपेसाठी, अर्धी, दहा दिवस. गोळ्यांची नावं मी लिहीत नाही. गोळ्या वाईट नव्हत्या. त्या पाच दिवसांत चाची उठून बसल्या, पेज प्यायल्या.

दहा दिवसांनी त्या तीच चिठ्ठी घेऊन आल्या. "गुण आला रे. हेच दे परत."

मी दिलं. ही औषधं नव्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, हे माझ्या भिंतीवरच्या पाटीवरच लिहिलेलं होतं. पण शेजारची बाई, नवरा गेलेला, झोप लागत नाही म्हणते, तिला परत कसं पाठवायचं? पुढच्या महिन्यात परत दिलं. चिठ्ठी घड्यांवर फाटली तेव्हा मी तिला मागून चिकटपट्टी लावून दिली. नंतर चिठ्ठी बघायचंही सोडलं. त्या उतारावरून येताना दिसल्या की मी आधीच पाकीट काढून ठेवायचो. मला ते प्रेम वाटायचं.

दीडेक वर्षात चाचींची चाल बदलली. पावलं आखूड झाली, चेहरा गोठल्यासारखा. रांगेत उभ्या असताना उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत राहायचा. मला वाटायचं, सवयीने दोरा वळतायत.

मग त्या मोरीत पडल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं, कंपवाताची सुरुवात आहे. त्याची तिसरी गोळी सुरू झाली. कतारमधून मुलाचा फोन आला, अम्मीला काम करू देऊ नका. सून भली बाई. तिने कात्री उचलून कपाटावर ठेवली, गॅसजवळ उभं राहू देईना. सगळेजण चाचींची काळजी घेत होते आणि चाची दिवसेंदिवस लहान होत होत्या.

एका दुपारी रस्त्यावर कुणी नसताना त्या दुकानात आल्या. हातात पिशवी. पिशवीतल्या सगळ्या गोळ्या त्यांनी काउंटरवर ओतल्या.

"शिंप्याने शेरवानी परत मागवली. म्हणाला, चाची, आता आराम करा. मी आराम मागितला नव्हता." त्यांचा आवाजही सपाट झाला होता, पण डोळे नव्हते झाले. "यातलं काय कशाला हाय, ते मला वाचून दाखव."

मी खोक्यातला घडीचा कागद काढला. तो कागद आम्ही दुकानदार कधी उघडत नाही. चक्करेच्या गोळीचा कागद मी मराठी करून वाचत गेलो. फार दिवस घेतली तर हात थरथरणं. अंग ताठ होणं. चाल मंदावणं. तिथे मी थांबलो.

"वाच."

वाचलं.

"तुला ठाऊक होतं?"

"कॉलेजात शिकलो होतो, चाची."

"मग?"

मी कागदाची घडी घालू लागलो. त्यांनी गोळ्या परत पिशवीत भरायला घेतल्या. हात हलत होता, एक पाकीट तीनदा निसटलं. मी उचलायला गेलो तर माझा हात बाजूला सारला. "आजपासून सगळं बंद."

"तसं नका करू," मी म्हटलं. "झोपेची गोळी इतके दिवस घेतल्यावर एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारूनच कमी करायची."

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. "द्यायला तुला चिठ्ठी लागली नाय. बंद करायला लागते?"

मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर गेलो.

डॉक्टर आधी वयाचंच बोलले. चाची म्हणाल्या, "वय माझं हाय, मला ठाऊक. हात कधीपासून हलतो ते विचारा." आणि त्या सांगत गेल्या. गोळ्या सुरू झाल्या त्या वर्षी ईदच्या कुर्त्यांची काजं सरळ होती. पुढच्या ईदला दोरा ओवायला वेळ लागू लागला. मग मोहरमच्या आसपास टाका वाकडा. त्यांचं कॅलेंडर काजांचं होतं आणि त्यात खाडाखोड नव्हती.

मी कबूल केलं की पाच दिवसांची गोळी मी दीड वर्षाहून जास्त दिली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या कागदाकडे. तिसरी गोळी लिहिताना पहिल्या दोन अजून चालू आहेत का, हे त्यांनीही विचारलं नव्हतं. त्यांनी कोल्हापूरच्या एका मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ बोलले. शेवटी नवी चिठ्ठी लिहिली. चक्करेची गोळी बंद. झोपेची दर काही आठवड्यांनी थोडी कमी, मध्ये तब्येत दाखवायची. कंपाच्या गोळीचं नंतर बघू. चक्करेसाठी मान आणि डोळे फिरवायचे व्यायाम.

पुढचे महिने वाईट गेले. चाचींना झोप यायची नाही, छातीत धडधडायचं, सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून त्या मला शिव्या द्यायच्या. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "अम्मी, घे ना ती गोळी. कशाला एवढा त्रास?"

"त्रास माझा हाय," चाची म्हणाल्या. "तू तुझं जेव."

सुनेने मात्र साथ दिली. एके दिवशी तिने कपाटावरची कात्री काढून त्यांच्यासमोर ठेवली.

सगळं परत आलं असं लिहिलं तर खोटं होईल. डाव्या हाताची थोडी थरथर राहिली. पण उजवा हात सुटला, चेहरा हलायला लागला. कंपाची गोळीही डॉक्टरांनी सावकाश थांबवली. चाचींनी एक काज करून शिंप्याकडे नेलं, त्याच्या टेबलावर ठेवलं आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी शेरवानी आली.

त्यानंतर दुकानात त्यांचा दरारा सुरू झाला. स्वतःच्याच नाही, दुसऱ्यांच्या गोळ्यांवरही. पावस गावी मोटारसायकलने निघालेला एकजण उलटीची गोळी काउंटरवरच गिळू लागला, तर चाचींनी त्याची किल्ली काढून घेतली. "याने डोळे जड होतात का?" मला विचारलं. होतात, मी म्हटलं. "मग एसटीने जा." एक बाई आईची झोपेची गोळी बहिणीसाठी मागत होती. "दुसऱ्याच्या काजात आपलं बटण घालू नको," चाची म्हणाल्या. बाई रागावून गेली. माझी काही गिऱ्हाइकं तुटली. मी चाचींना बसायला स्टूल ठेवलं.

गेल्या वर्षी चाचींच्या मुलीने त्यांना सावर्ड्याला आपल्याकडे बोलावलं. जायच्या सकाळी मी एसटी स्टँडवर गेलो. सून बॅग घेऊन मागून म्हणत होती, "अम्मी, हळू." गाडी लागली तशी चाची गर्दीतून पुढे झाल्या. कंडक्टरने हात पुढे केला. त्यांनी तो पाहिलाच नाही असं दाखवलं, दांडा धरला आणि चढून गेल्या.

तीन महिन्यांनी, झोपेतच, त्या तिकडे वारल्या. मला कळलं तेव्हा दफन होऊन आठ दिवस झाले होते.

त्या दिवशी स्टँडवर मी खिडकीखाली उभा होतो. त्या वळून बघतील, काहीतरी म्हणतील, असं वाटत होतं. म्हणजे माफ केलं, असं काहीतरी. चाचींनी खिडकीची काच जोर लावून वर सरकवली, ओढणी नीट केली आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. गाडी सुटली.