तीन सूत

आमच्या ह्यांनी आयुष्यभर टेंपो चालवला आणि आयुष्यभर दहा मिलिमीटरच्या बोल्टला ‘तीन सुताचा बोल्ट’ म्हटलं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तीन सूत दहा मिलिमीटरपेक्षा किंचित बारीक भरतं, पण कर्जत-खोपोली पट्ट्यात असल्या फरकाला कोणी भीक घालत नाही. मीही घातली नव्हती. बोल्टांशी माझी गाठ पडेल, असं लग्न ठरवताना कोणी सांगितलं नव्हतं.

मग ह्यांचा डावा पाय लुळा पडला. क्लच दाबायचा पायच गेला म्हटल्यावर टेंपोही गेला. डॉक्टरांची परवानगी काढून आम्ही एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, बिनक्लचची. हे पुन्हा शिट्टी वाजवत भिवपुरीभर फिरू लागले. पण जुनी गाडी ती, एक दिवस बसली. असल्या गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, तेलानं भरलेला, भोपळ्यासारखा गोल डबा. तोच निकामी झाला होता.

गाडीचं मला फारसं वाटलं नाही. वाटलं ते ह्यांचं. हे एकदम गरीब झाले. “तुला येळ आसंल तर जाऊ.” “तुझ्या सोयीनं बघ.” भाजी बिघडली तरी निमूट खायचे. ज्या माणसाशी रोज सकाळी भांडल्याशिवाय मला चहा गोड लागत नव्हता, तो हळू आवाजात पाणी मागायला लागला. मला भीती वाटायला लागली. गाडी सुरू झाली नाही, तर हा माणूस असाच राहणार.

कंपनीचा कन्व्हर्टर मिळेना, म्हणून शिळफाट्याच्या मेकॅनिकनं दुसऱ्या बनावटीचा मागवला. तो आला, पण बोल्टांशिवाय. जुने लावून पाहिले तर लांब पडले, कारण नव्याची भोकं उथळ होती. तसेच आवळले तर बोल्टाचं टोक आतल्या पत्र्याला पोचा पाडेल, असं मेकॅनिक म्हणाला. म्हणजे जाडी तीच, आटे तेच, लांबी मात्र कमी. ह्यांनी गॅरेजच्या बाकड्यावर बसल्या बसल्या समोरच्या दुकानात फोन लावला. “तीन सुताचे पाठव, आखूड. कडक पोलादाचे.”

बोल्ट आले. मेकॅनिकनं एक भोकात फिरवला, तो सुळकन आत गेला. हे खूश. मेकॅनिकनं बोल्टाचं डोकं बोटानं हलवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“काका, हा डुलतोय.”

“आवळला का बसंल. आमी काय आज बघतोय का बोल्ट?”

मी वाकून पाहिलं. सासूची बांगडी नव्या सुनेच्या मनगटात डुलावी तसा तो डुलत होता. खोपोलीच्या घाटात हा निसटला तर? एरवी मी तिथंच ह्यांची हजेरी घेतली असती. पण इतक्या दिवसांनी जरा खुललेल्या माणसाला बोलायचं तरी कसं? मी जुना बोल्ट उचलला, मेकॅनिकनं भोकाची खोली मोजून दिलेली काडी घेतली आणि रस्ता ओलांडला.

दुकानातले चाचा मूळचे किनाऱ्याकडचे, बोलायला तिखट. त्यांनी जुन्या बोल्टावर एक नट फिरवून पाहिला.

“ताई, हा दहाचा हाय. तुमच्या मालकांनी तीन सूत मागितलं, मी तीन सूत दिलं.”

“पण इकडं सगळे दहालाच तीन सूत म्हणतात.”

“म्हणतात ना. आनि मग परत येतात.”

त्यांनी दहाचे काढून दिले. आटे जुन्यासारखेच, डोक्यावर मजबुतीचा आकडाही तोच, लांबी काडीच्या मापानं. मेकॅनिकनं ते हातानंच फिरवले. ना डुलले, ना तळाला टेकले. ह्यांनी एक बोल्ट तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला.

“तरी पन हे तीन सूतच हाय,” म्हणाले.

आमचं सूत जुळून इतकी वर्षं झाली, पण ते नक्की कितीवर जुळलंय हे त्या दिवसापासून मी विचारायचं सोडलं.

गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी मी हौसेनं सुकटीचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि हाक मारायला बाहेर आले, तर दारात गाडी नाही. फोन उशाशीच पडलेला. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. नाही नाही ते मनात आलं. बोल्ट आठवले, घाट आठवला. भाकऱ्या वातड झाल्या तेव्हा कुठं हॉर्न वाजला. हे काठी टेकत उतरले.

“पोशीरला गेलतो, बहिनीकडं. जेवून आलो. तिच्या हाताला काय चव हाय गं!”

मग माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. सांगून जायला काय झालं होतं, फोन कशाला घेऊन दिलाय, मी इथं जीव मुठीत धरून बसले त्याचं काय! शेजारीण खिडकीत येऊन उभी राहिली, तरी मी थांबले नाही. किती दिवसांनी मला ह्यांच्यावर मनसोक्त चिडता येत होतं. आणि हे दारात काठी आपटत, माझ्याहून मोठ्या आवाजात उलट बोलत होते.