कुत्रीच्या दवाखान्यात बैलबाजार

सात वर्षांत पहिल्यांदा कुत्रीनं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. माझा विश्वासच बसेना. ही बया एवढी खादाड, की एकदा शेजारच्या लग्नातली जिलेबी पत्रावळीसकट पळवून आणली होती. मी म्हटलं, उन्हानं असेल. दुसऱ्या दिवशी दुधाचा वाडगाही तसाच. पाणी मात्र बादलीत तोंड घालून घटाघटा पीत होती आणि थोड्या वेळानं सगळं ओकून टाकत होती.

कुत्री तशी आमची नव्हे. निदान मी तसं म्हणायचो. नेरे गावात आमची थोडी शेती राहिलीय, बाकीच्या जागेवर आठ खोल्या काढून भाड्यानं दिल्यात. हिंजवडीत कामाला असलेल्या एका पोरानं हे तांबडं पिल्लू आणलं, वर्षभर लाड केले आणि बंगळुरूला नोकरी लागल्यावर "काका, आठ दिवसांत येऊन नेतो" म्हणून माझ्या ओट्यावर बांधून गेला. त्या आठ दिवसांना सहा वर्षं झाली. तरी कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "भाडेकरूची हाय." झोपायची माझ्या खाटेखाली. मी पिरंगुटच्या कंपनीत होतो तोवर संध्याकाळी माझ्या मोटरसायकलचा आवाज ओळखून फाटकाशी येऊन बसायची. निवृत्त झालो तशी दिवसभर पायात पायात. पण भाडेकरूची.

बायकोनं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, पोट टणक लागतंय. मागल्या महिन्यात माजावर होती ना? पिशवीचं कायतरी हाय बघा. डॉक्टर गाठा."

गोठ्यातल्या म्हशीला काही झालं असतं तर प्रश्न नव्हता. सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर आमच्या ओळखीचे. त्यांना बोलावलं, ते आले, कुत्रीचं पोट दाबून पाहिलं आणि उठले. "म्हशीचं असतं तर हितंच बाह्या वर केल्या असत्या काका. हिला सोनोग्राफी लागणार, बहुतेक ऑपरेशनही. माझ्याकडं ती सोय नाही. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर बघा, आणि उद्याच्या उद्या बघा."

आता हा कुठून आणायचा? आमच्या तीन नंबरच्या खोलीत नागपूरची एक मुलगी राहते. तिनं मोबाइल पुढं धरला. "काका, ह्यांना साडेचार स्टार आहेत."

"अगं, हॉटेल हाय का ते?"

बायको म्हणाली, "ताऱ्यांचं काय करताय? हाताला गुण कुणाच्या हाय ते विचारा."

माझा ताऱ्यांवर भरवसा नाही आणि गुणावरही नाही. मी मोटरसायकल काढली आणि दोन दवाखाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो. पहिला काचेचा. आत सोफा, गारेगार हवा, कुत्र्यांच्या वाढदिवसाचा केकसुद्धा मिळतो म्हणे! डॉक्टर कुठं विचारलं तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "सर शनिवारी येतात." आजार काय शनिवारची वाट बघत बसतो होय? दुसरा दवाखाना मारुंजीच्या रस्त्याला, हार्डवेअरच्या दुकानाला लागून. दोनच खोल्या, फिनेलचा वास, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात दर लिहिलेले. तपासणी एवढी, सलाइन एवढं, ऑपरेशन एवढं. मी समोरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसलो आणि आतून येणाऱ्या एकेकाला विचारत राहिलो. एक म्हातारा पामेरियन काखेत मारून बाहेर पडला. तो म्हणाला, "बाई तोंडानं फटकळ हाय, पण नको ते लिवून देत न्हाई." माझं ठरलं. डॉक्टर मी अगदी बरोबर निवडली. ते श्रेय मी घेणारच, कारण पुढं घेण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना बायकोनं भिशीचे पंचवीस हजार माझ्या हातात ठेवले. "लागतील तेवढे लागू देत." मलाही ते मान्य होतं. पैसे बंडीच्या आतल्या खिशात घातले, कुत्रीला गाडीत मागच्या सीटवर निजवलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पैसे नव्हते म्हणून मी तसा वागलो असं कुणाला वाटू नये.

तर आता बैलबाजाराचं सांगायला हवं. चाकणच्या बाजारात मी चुलत्यांबरोबर उभी हयात बैल घेतले आणि विकले. तिथं सौदा टॉवेलाखाली बोटं दाबून होतो, तोंडानं होतच नाही. तोंडाचं काम एकच, जनावराला नावं ठेवायची. बैल मनात भरला की म्हणायचं, खूर बघा कसलेत, चालतो कसा, फुकट दिला तरी नको. मग पाठ फिरवून चालू लागायचं. चार-पाच पावलं टाकली की व्यापारी हमखास हाक मारतो, "ओ पाव्हणं, या की माघारी!" ज्याला जनावर हवंय असं समोरच्यानं ओळखलं, तो नागवला गेला म्हणून समजायचं. हे माझ्या अंगात इतकं मुरलंय, की भाजी घेतानाही मी मेथीचा अपमान करतो.

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या असतील. त्यांनी ताप बघितला, हिरड्या बघितल्या, शेपटी उचलून बघितली. "काका, गर्भाशयात पू झालाय असं वाटतंय. रक्त आणि सोनोग्राफी आत्ता करू. तसंच निघालं तर ऑपरेशन आजच. सगळं मिळून सतरा-अठरा हजार होतील."

खिशात पंचवीस होते. मनात हो होतं. आणि तोंडातून काय निघावं? "अठरा हजार? अहो डॉक्टर, ही काय जातिवंत कुत्री हाय का? भाडेकरूनं टाकलेली हाय. वयबी झालंय. येवढ्यात दुभती शेळी येती दारात!"

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

"तुमीच बघा, बसतंय का कमीजास्त."

"दर भिंतीवर आहेत काका."

मी कुत्रीला उचललं आणि दाराकडं निघालो. सावकाश. एक पाऊल, दोन पावलं, पाच पावलं. हाक नाही. दाराशी चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. तेवढ्यात मागून, "काका, थांबा." मला हायसं वाटलं. म्हटलं, आली बाई ताळ्यावर. वळलो तर त्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आलेल्या.

"टाकलेली आहे म्हणता, तरी तुम्ही आणलंत, हेच खूप झालं. तपासणीचेच पैसे द्या. ह्या गोळ्या सुरू करा. ह्यानं बरी होईल असं मी म्हणत नाही. ऑपरेशन करायचं नसेल आणि त्रास वाढला, तर घेऊन या. शांतपणे जाऊ देऊ तिला."

जाऊ देऊ म्हणजे काय, ते मला गाडी सुरू केल्यावर कळलं. तिथंच परत फिरायला हवं होतं. नाही फिरलो. आपण दाखवलेला भाव आपणच मोडायचा? आणि मनात एक किडा होताच, की घाबरवून दर वाढवत असेल. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "गोळ्या दिल्यात, बघू म्हणाली."

दोन दिवस गोळ्या दिल्या. दोन दिवस ती खाटेखालून बाहेर आली नाही. अंगाला वास येऊ लागला. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसायचो आणि उद्या उतार पडेल म्हणायचो. ती मरतेय हे मला दिसत होतं. तरी मी बसून होतो. माझाच मला राग येतो ते आठवलं की.

दुसऱ्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, "पैशे किती लागले?"

"तीनशे."

"आन् बाकीचे?"

मी बंडीतून पुडकं काढून दिलं. ती पुडक्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. लपवून किती लपवणार? सगळं सांगितलं.

"ताकाला गेलात आन् भांडं लपवून आलात?" ती कडाडली. "ती मरायला टेकलीय आन् तुमी बैल घ्यायला गेलता व्हय तितं?"

चूक माझी, म्हणून आवाजही माझाच चढला. "मग तूच जायचं होतंस! तिनं नीट सांगितलं असतं तर..."

आम्ही भांडायला लागलो की कुत्री नेहमी मधे येऊन उभी राहते. तिला आवाज सहन होत नाहीत. त्या दिवशीही ती खाटेखालून निघाली. पुढचे पाय टेकले, मागचे उचललेच गेले नाहीत. तशीच फरफटत आमच्या दोघांच्या मधे आली आणि कोसळली. भांडण तिथंच संपलं. बायको म्हणाली, "उठा." मी आधीच उठलो होतो.

दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. मी कुत्रीला टेबलावर ठेवलं, शेजारी पैशांचं पुडकं ठेवलं. "डॉक्टर, मी तुमच्याशी खोटं बोललो. कुत्री माझी हाय. पैशेबी त्या दिवशी खिशात हुते. हिला वाचवा."

बाई आधी कुत्रीकडं वळल्या. सुई लावली, सलाइन लावलं, आणि मग माझ्यावर सुटल्या. "दोन दिवस, काका! लोक दारात सोडून जातात जनावरं. किती जणांच्या पाठी लागू मी? तुम्ही जे बोललात त्यावरच मी ठरवणार ना?" माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान बाई. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. एक शब्द चुकीचा नव्हता.

सोनोग्राफीत तेच निघालं. आता सलाइन देऊन तासाभरानं ऑपरेशन आणि नंतर दोन दिवस तिथंच ठेवायचं, म्हणून खर्च सव्वीस हजारांवर गेला. मी म्हणालो, "कागदावर लिवून द्या. आन् ह्यातलं घरी करण्यासारखं काय हाय ते सरळ सांगा, ते मी करतो." बाईंनी तिथंच पेन उचललं. नंतरची पाच दिवसांची इंजेक्शनं सरकारी डॉक्टरांकडून घ्यायची, जखम घरी साफ करायची, विकतच्या खाण्याच्या पुड्याऐवजी काय शिजवून घालायचं ते लिहून दिलं. साडेतीन हजार असेच उतरले, नुसतं विचारल्यामुळं. आणि जाता जाता म्हणाल्या, "पिल्लं नको असतील तर ही पिशवी वेळीच काढायची असते काका. त्याला ह्याच्या पाव खर्चही आला नसता." हेही ऐकून घेतलं. ऐकायचाच दिवस होता तो.

ऑपरेशन चालू असताना मी बंद हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो आणि रडलो. सांगायला लाज कसली? वडील गेले तेव्हा पाहुण्यांचं बघण्यात रडायला सवड मिळाली नव्हती. बायको शेजारी येऊन बसली. दोन तासांनी बाई बाहेर आल्या, "आहे. झोपलीय अजून."

गावात बातमी लगेच. चुलतभाऊ म्हणाला, "चार आन्याची कोंबडी आन् बारा आन्याचा मसाला!" मी म्हटलं, "कोंबडी माझी, मसाला माझा, तुला जेवायला बोलावलंय का?"

तिसऱ्या दिवशी तिला घ्यायला गेलो. बायको गाडीत थांबली. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट दाखवला. "जगेल. पण किडनीला मार बसलाय. सकाळ-संध्याकाळ गोळ्या कायमच्या, खाणं मोजून, तीन महिन्यांनी रक्त. गोळी चुकवायची नाही. जमेल?"

"जमवणार," मी म्हणालो. मग विचारलं. विचारल्याशिवाय मला तिथून निघताच आलं नसतं. "पहिल्याच दिवशी ऑपरेशन केलं असतं, तर किडनी वाचली असती?"

बाईंनी रिपोर्टची घडी घातली. "बहुतेक. हो."

मी कुत्रीला उचललं. किती हलकी झाली होती! बायकोनं मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेतलं. "काय म्हणाल्या?"

बायको आत आली नव्हती. सोपं काहीतरी सांगून टाकता आलं असतं.

"किडनी अधू झालीय. माझ्या त्या दोन दिवसांनी. पहिल्या दिवशी केलं असतं तर वाचली असती."

घर येईपर्यंत ती कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. फाटक उघडलं, मी गाडी आत घेतली, तेव्हा म्हणाली, "गोळ्यांचं टायम सांगा, भिंतीवर लिवून ठेवते. पन द्यायच्या तुमीच. मी एकबी देणार न्हाई."

"देईन."

आज चौदा महिने झाले. लग्नाला गेलो, दहाव्याला गेलो, एकदा मलाच ताप आला. गोळी एकही चुकलेली नाही.