आग खळ्याकडून आली होती

मोगलाईतली गोष्ट. लग्न होऊन मी घनसावंगीकडच्या एका गावात आले, त्याच्या दुसऱ्या फाल्गुनात माझ्या थोरल्या जाऊबाई बाळंत झाल्या. मुलगी झाली.

फाल्गुनात वारा सुटला की गावात दवंडी फिरायची, "चुली इझवा हो!" ज्वारी काढून झालेली, घरोघर कडब्याच्या गंजी रचलेल्या, एक ठिणगी पुरे. त्या दिवशीही आम्ही भाकरी लवकर उरकून चूल विझवली. बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीवर मी स्वतः पाणी ओतलं.

दुपारी पश्चिमेच्या खळ्यांकडून धूर उठला. पुरुष शेतात. मी पोरीला पदरात घेतलं, जाऊबाई भिंत धरत निघाल्या, सासूबाई बैलांची दावी सोडून मागून आल्या. ओढ्याच्या वाळूत बसलो; तिथे जळण्यासारखं काही नव्हतं. तिथून आमची गंज पेटलेली दिसली.

"धाकटे, घर ऱ्हाईल का गं?" जाऊबाईंनी विचारलं. मी पोरीच्या तोंडावर पदर ओढला.

मग आभाळ काळंभोर झालं आणि गारा सुरू झाल्या. जाऊबाई पोरीवर ओणव्या झाल्या, मी त्यांच्यावर. आग विझली, घर वाचलं. पण शेतातला उभा गहू आडवा झाला.

संध्याकाळी सासूबाई राखेच्या चिखलापाशी बसल्या होत्या. जाऊबाईंकडे न बघता म्हणाल्या, "शेगडीनं घात केला."

"आत्याबाई, शेगडी म्या सकाळीच इझवल्ती. आग खळ्याकडून आली, समद्यांनी पाह्यलं," मी म्हणाले.

"मंग पोरीचा पायगुण म्हन."

थोरले दीर, जाऊबाईंचे मालक, दारात उभे होते. आग कुठून आली ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. ते गप्प राहिले.

चारा उरला नव्हता, म्हणून बैल गोदाकाठच्या पाहुण्यांकडे धाडले. मागोमाग वाटूरहून जाऊबाईंचा भाऊ त्यांना माहेरी न्यायला गाडी घेऊन आला. गाडीत चढताना त्या मला म्हणाल्या, "तू बोललीस गं. त्यांनी बोलाया पाह्यजे व्हतं."

पाऊस पडून बांधावर गवत आलं, तसे बैल परत आणले. जाऊबाईंना आणायला मात्र दिवाळीपर्यंत कुणी गेलं नाही. त्या आल्या तेव्हा पोरगी रांगत होती. दिरांनी हात पुढे केले. ती त्यांना ओळखत नव्हती. घाबरून रडायला लागली. जाऊबाईंनी तिला उचललं आणि दिरांच्या शेजारून त्या आत निघून गेल्या.